तंजावरला जाण्याआधी मोडी शिकून घ्या

सरस्वती महाल ग्रंथालय बघायचं तर बुधवार टाळा, त्या दिवशी तिथलं संग्रहालय बंद असतं. दुपारी जेवणाच्या वेळीही दार लावतात, म्हणून मी सकाळी दहालाच राजवाड्यात हजर झालो, ग्रंथालय तिथेच आहे. तिरुचिरापल्लीहून तंजावर साठेक किलोमीटर आहे. बस किंवा रेल्वे, दोन्ही सोयीच्या.

संग्रहालय लहान आहे. बरेच जण दहा मिनिटांत बाहेर पडत होते. मी दीड तास होतो, त्यातला बराच वेळ ताडपत्रांपाशी. ताडपत्रावर अक्षर आधी कोरतात, टोकदार लोखंडी लेखणीनं. मग वरून काजळी चोळून पुसून घेतात. कोरलेल्या रेघेत तेवढं काळं उरतं आणि कोरा वाटणारा पट्टा वाचता येऊ लागतो. भोकातून दोरी ओवलेली, वर-खाली लाकडी फळ्या. एक चूक झाली तर खोडायची सोय नाही, हे मनात आलं आणि मी पुन्हा पहिल्या पेटीपाशी गेलो.

ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा, पण तो खरा वाढवला तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी. काशीयात्रेतूनही त्यांनी पोथ्या आणल्या, युरोपातून छापील पुस्तकं मागवली, स्वतःचा देवनागरी छापखाना काढला. मराठी नाटक सांगलीत १८४३ला सुरू झालं असं आपण शिकतो. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे पुत्र शहाजीराजे इथे मराठी नाटकं लिहीत होते. ती हस्तलिखितं याच ग्रंथालयानं जपली!

मोडी मला येत नाही. आपल्याच भाषेतल्या कागदाकडे नुसतं बघत राहावं लागणं फार लागलं. तुम्ही निदान बाराखडी गिरवून जा. मूळ पोथी अभ्यासायची असेल तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या, संस्थेची ओळख जोडा, छापील सूचीतून पोथीचा क्रमांक काढून ठेवा. विक्री विभागात ग्रंथालयाची प्रकाशनं मिळतात. पिशवीत जागा ठेवा.

संध्याकाळ बृहदीश्वरासाठी राखा, दुपारी देऊळ बंद असतं. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला आहे. तो देवनागरीत आहे. उजेड जाईपर्यंत मी तो बोट न लावता, एकेक ओळ वाचत होतो.