घरच्या पीसीवर व्हीएम टाकायचंय? आधी होस्ट कोणता ते सांगा

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आपल्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा पीसी. ते चालवायला "व्हर्च्युअलबॉक्स घेऊ की व्हीएमवेअर?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, तुझ्या मशीनवर आत्ता काय आहे, विंडोज होम, विंडोज प्रो, लिनक्स की मॅक? लोकांना वाटतं मी प्रश्न टाळतोय. पण खरंच, ह्यात आपल्याला निवडायला फार काही उरलेलं नसतं, अर्धं काम होस्टनेच (म्हणजे मशीनवरच्या मूळ सिस्टमनेच; आत चालते ती गेस्ट) करून ठेवलेलं असतं. नेटवर ते फीचर्सचे लांबलचक तक्ते असतात ना, त्यातल्या दहातल्या आठ गोष्टी घरी कोणी वापरत नाही.

मॅकचं पटकन उरकतो. २०२० पासून आलेल्या एम सिरीजच्या मॅकमध्ये प्रोसेसरच एआरएम आहे, इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचा, त्यामुळे नेहमीची इंटेलवाली विंडोज त्यावर नीट चालणार नाही, एम्युलेशन करून (इंटेल प्रोसेसरची नक्कल करून) चालवता येते पण रांगत रांगत. एआरएमवाली विंडोज किंवा लिनक्स घ्यायचं. पैसे द्यायची तयारी असेल तर पॅरलल्स, नसेल तर यूटीएम किंवा व्हीएमवेअर फ्यूजन. झालं.

लिनक्सवाल्यांनी तर शोधायलाच जाऊ नये. व्हीएम चालवणारं केव्हीएम २००७ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वरती खिडक्या-बटणांसाठी व्हर्ट-मॅनेजर टाका आणि कामाला लागा, तेही किचकट वाटलं तर जीनोम बॉक्सेस. तरी लोक लिनक्सवर हौसेने व्हर्च्युअलबॉक्स टाकतात, मग कर्नल अपडेट झाला की त्याचं मॉड्यूल परत बिल्ड व्हावं लागतं, सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर ते साइन करा, आणि नाही झालं की व्हीएम उठतच नाही. कशाला हवाय हा ताप? केव्हीएममध्ये एकच गोष्ट नवख्याला अडवते, गेस्ट विंडोज असेल आणि डिस्क व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान प्रकार) ठेवली असेल तर इन्स्टॉल करताना विंडोजला डिस्कच दिसत नाही, व्हर्टआयओ ड्रायव्हरची वेगळी आयएसओ (सीडीची फाइल) जोडून तिथून ड्रायव्हर लोड करावा लागतो. एकदा केलं की परत बघावं लागत नाही.

आता विंडोज. खरा गोंधळ इथेच आहे, आणि बहुतेक लोक इथेच असतात.

हायपर-व्ही हे व्हीएम चालवायचं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सॉफ्टवेअर, प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन एडिशनमध्ये मिळतं, होममध्ये नाही. मग होमवाला म्हणतो माझ्याकडे हायपर-व्ही नाहीच तर त्याचा माझ्याशी काय संबंध. संबंध आहे. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू असेल किंवा तुम्ही डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं असेल, तर खाली हायपर-व्हीचाच हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा थर) चालू असतो, होम एडिशनवरसुद्धा. आणि तो एकदा व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हीएमसाठीची सोय) धरून बसला की व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरपर्यंत थेट पोचता येत नाही, त्याच्यामार्फत जावं लागतं. मग व्हीएमच्या खिडकीत खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसायला लागतं. थट्टा नाही, खरंच कासवाचा आयकॉन आहे. लोक ह्याच वेळी "व्हर्च्युअलबॉक्स एकदम स्लो आहे" म्हणून शिव्या घालतात, रॅम वाढवतात, कोअर वाढवतात, आणि काहीच फरक पडत नाही. तुमच्याकडे काय आहे ते बघायचं असेल तर सिस्टम इन्फर्मेशन उघडा, समरीच्या अगदी तळाशी हायपरव्हायजर सापडल्याची ओळ असेल तर तो चालू आहे.

बंद करता येतो. पण मेमरी इंटिग्रिटी ही सिक्युरिटीची गोष्ट आहे, ज्या पीसीवर घरातले सगळे बँकेचे व्यवहार करतात तिथे व्हीएम थोडी जोरात पळावी म्हणून ती बंद करणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा, १५.५.५ पासून ते हायपर-व्हीच्या सोबत चालतं, थोडा वेग जातो आणि व्हीएमच्या आत व्हीएम चालवता येत नाही, पण डेस्कटॉप लिनक्स वापरायला ठीक आहे, ग्राफिक्स तर व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा मला बरेच बरे वाटतात. पूर्वी हे विकत घ्यावं लागायचं, मे २०२४ मध्ये घरगुती वापराला फुकट झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांनाच.

प्रोवाल्यांनी सरळ हायपर-व्ही वापरावं का? गेस्ट सर्व्हरसारखा असेल, म्हणजे एखादा डेटाबेस, टेस्टिंगचं काही, जिथे स्क्रीनकडे बघायचंच नाही, तर डोळे झाकून हो. पण आवाज हवा, कुठलंही यूएसबी उपकरण गेस्टला थेट द्यायचंय, तर तिथे ते कमी पडतं. जुना स्कॅनर ज्याचा ड्रायव्हर फक्त एक्सपीवर चालतो, असल्या कामाला व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअरच (आणि त्या एक्सपीचं नेटवर्क कार्ड काढून टाका हो, नेटवर सोडू नका तिला).

व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक लायसन्सची मेख आहे. मूळ सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, पण एक्स्टेंशन पॅक वेगळा, त्याचं लायसन्सही वेगळं, घरी आणि शिकायला फुकट, ऑफिसच्या कामाला नाही. वेबकॅम, डिस्क एन्क्रिप्शन असलं काही लागत नसेल तर तो टाकूच नका.

बाकी रॅमचं गणित सगळ्यांना सारखंच. विंडोज ११ गेस्ट म्हणून टाकायची तर ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) मागते (व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल टीपीएम ७.० पासून आहे), म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर होस्ट आणि गेस्ट दोघंही तडफडणार. १६ असेल तर आरामात. व्हीएमची फाइल एसएसडीवर हवी, ह्यावर मी वाद घालणार नाही. गेस्ट विंडोजला तिचं स्वतःचं लायसन्स लागतं, होस्टचं चालत नाही, हेही धरून चला. आणि व्हीएम चालूच होत नसेल तर आधी बायोसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स, किंवा एएमडी असेल तर एसव्हीएम, चालू आहे का बघा.

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपून परत तिथे जायची सोय, बहुतेक सगळ्यांमध्ये असतात (व्हीएमवेअरचं नाव अगदी तेच, हायपर-व्हीमध्ये चेकपॉइंट म्हणतात) आणि सवय लागली की माणूस घेतच सुटतो. ते बॅकअप नाहीत, मूळ डिस्कची फाइल गेली की सगळे स्नॅपशॉट गेले. व्हीएम बंद करून अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, तो बॅकअप.

उद्या सॉफ्टवेअर बदलावंसं वाटलं तरी फार घाबरू नका, व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर दोन्हीतून ओव्हीए किंवा ओव्हीएफ (व्हीएम इकडून तिकडे न्यायचे सामायिक फॉरमॅट) एक्सपोर्ट होतं, केव्हीएमकडे जायचं तर qemu-img ही कमांड डिस्कचा फॉरमॅट बदलून देते. नेण्याआधी जुन्या सॉफ्टवेअरची गेस्ट टूल्स (गेस्टच्या आत टाकलेले त्याचे ड्रायव्हर वगैरे) काढून टाका. आणि लिनक्स गेस्ट असेल तर नवीन जागी नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असू शकतं, पहिल्या बूटला नेट आलं नाही तर आधी तेच तपासा.