तारीख कोणती, असं तुम्ही विचारलंत म्हणून

प्रार्थनासभा संपून चहा चालू असतो तेव्हा कुणीतरी तरुण मुलगी जवळ येते आणि विचारते, "मावशी, तुमचं तारण कधी झालं? तारीख आठवते?" तारण म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून पापांतून झालेली सुटका. विचारणाऱ्यांकडे स्वतःची तारीख असते, काहींना तर वेळसुद्धा सांगता येते. त्यांच्या साक्षी ऐकताना माझे डोळे भरून येतात. त्या खऱ्या आहेत याबद्दल मला शंका नाही. माझ्याकडे मात्र तशी तारीख नाही, आणि ती का नाही हे एकदा नीट सांगावंसं वाटतं.

मी नगर जिल्ह्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले. तान्हेपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी, शब्बाथशाळेत पाठ केलेली वचनं. ती आजही तोंडपाठ आहेत. आणि तरीही सासूबाई गेल्या त्या वर्षी त्यांच्या पाटल्यांवरून धाकट्या जावेशी माझं बिनसलं, ते नऊ वर्षं. एकाच मंडळीत ती डावीकडच्या बाकांवर बसायची, मी उजवीकडे. प्रभूच्या प्रार्थनेत ऋणं सोडण्याच्या, म्हणजे इतरांना क्षमा करण्याच्या, ओळीपाशी आलं की माझे ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही.

त्या काळात मला पंडिता रमाबाईंनी आधार दिला. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. म्हणजे तारीख होती. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. तो सापडायला १८९१ उजाडलं. मधली आठ वर्षं वाया गेली का? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं ते याच आठ वर्षांत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. रमाबाईंना ज्याची ओळख अजून पुरती पटली नव्हती, तो त्यांच्या हातून विधवा मुलींना अक्षरं शिकवून घेत होता. हे मला फार मोठं वाटतं. आपण पूर्ण होईपर्यंत देव काम अडवून धरत नाही.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला बेथसैदा गावचा आंधळाही असाच माझ्या जवळचा. येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. किती प्रामाणिक उत्तर! प्रभूला बरं वाटावं म्हणून 'सगळं स्पष्ट दिसतं' असं तो म्हणाला नाही. आणि येशूने त्याला अल्पविश्वासी म्हटलं नाही. दुसऱ्यांदा हात ठेवले. त्याच अध्यायात पुढे येशूचा शिष्य पेत्र 'तू ख्रिस्त आहेस' असं कबूल करतो, आणि थोड्याच ओळींनंतर प्रभूला दुःख सोसावं लागणार हे ऐकून त्यालाच दटावायला निघतो. पेत्रालाही तेव्हा झाडंच दिसत होती.

मलाही जाऊ कितीतरी वर्षं झाडासारखीच दिसली. आधी मी प्रार्थनेत तिचं नाव घ्यायला लागले, यादीतलं नाव वाचावं तसं, रुक्षपणे. मनात काहीच हललं नाही. तरी वर्षभर घेत राहिले. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्या रात्री ते नाव घेताना पहिल्यांदा मला तिचा चेहरा दिसला, वेदनेने आवळलेला. त्या नाताळात मुलाच्या हाती करंज्यांचा डबा पाठवला. डबा रिकामा परत आला. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या रात्री मी देवाशी भांडले. मी एवढं केलं, आता तू तिला बदल, म्हणाले.

लूकच्या तेराव्या अध्यायात तीन वर्षं फळ न दिलेल्या अंजिराच्या झाडासाठी माळी एक वर्ष मागून घेतो. नुसतं वर्ष मागत नाही. मी भोवताली खणीन, खत घालीन, म्हणतो. देवाच्या धीराबद्दल इतकी वर्षं ऐकलं होतं, पण त्या धीराच्या हातात कुदळ असते हे मला त्या रिकाम्या डब्याने कळलं. खणलं जात होतं ते माझ्या मुळांपाशी. मला तिची क्षमा करायची नव्हती, मला तिच्याकडून मान्यता हवी होती. ते उघड्यावर आलं आणि दुखलं.

पुढच्या नाताळात पुन्हा डबा पाठवला. या वेळी त्यात चिमूटभर साखर आली.

आता आम्ही बोलतो. पाटल्यांचा विषय दोघीही टाळतो, आणि तो निघाला तर माझ्या मनात काय येईल याची मला आजही खात्री देता येत नाही. तिथे अजून हात ठेवला जायचाय. गेल्या महिन्यात एका रविवारी ती उशिरा आली, गीतांचं पुस्तक घरीच राहिलं होतं. डावीकडे जागा होती. ती उजवीकडे आली, "ताई, सरका जरा" म्हणाली, आणि माझ्याच पुस्तकातून गायला लागली.