सरकारी शिधा आणि पाच बुशेल बटाटे

१४ नोव्हेंबर, रात्री

एक गाय. एक कुऱ्हाड, एक हातकरवत, एक गिरमिट, शंभर खिळे, तीन कुदळी. एक किटली, एक लोखंडी पातेलं, एक तवा. बियाण्यासाठी पाच बुशेल बटाटे, म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे किलो. १८२५ साली आयर्लंडहून इथे आलेल्या एकेका कुटुंबाला सरकारने मांडून दिलेला संसार तो एवढा.

आज दिवसभर बर्फ पडत होतं, बाहेर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून या लोकांना इथे आणून बसवणाऱ्या पीटर रॉबिन्सनच्या वसाहतीबद्दल वाचत बसले. मी राहते ते कॅनडातलं पीटरबरो त्याच्याच नावाचं. गावात त्या लोकांबद्दल बोलताना सगळ्यांचा सूर एकच असतो: हाताशी काही नसताना जंगलात आले आणि शून्यातून विश्व उभं केलं. मला हे पटत नाही. शून्यातून काही उभं राहत नसतं, आणि या लोकांच्या बाबतीत तर हिशेबाच्या वह्याच शिल्लक आहेत.

मुळात हे आपणहून निघालेले धाडसी वीर नव्हते. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात ब्लॅकवॉटर नदीच्या खोऱ्यात १८२०च्या सुमारास खंड थकलेले, शेतमाल पडेल भावाला, रात्री-अपरात्री जमीनदारांच्या मालमत्तेवर हल्ले. लंडनच्या वसाहत खात्यातल्या विल्मॉट हॉर्टनने तोडगा काढला, की ही गरीब माणसं सरकारी खर्चाने अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओत, नेऊन बसवावीत. निवड करायचं काम रॉबिन्सनकडे आलं. १८२३ साली ५६८ माणसं आणून झाली आणि दोन वर्षांनी २,०२४. यायला हजारो तयार होते. जमीनदारांच्या शिफारशी चालत, त्यामुळे गावातली डोकेदुखी परस्पर समुद्रापार धाडायची त्यांचीही सोय झाली असणार. नऊ जहाजं कोव्ह बंदरातून सुटली. समुद्रप्रवास त्या काळाच्या मानाने बरा झाला.

खरे हाल जमिनीवर उतरल्यावर झाले. किंग्स्टनला ओंटारिओ सरोवराकाठी ऐन उन्हाळ्यात तंबू ठोकून सगळ्यांना बसवलं आणि रॉबिन्सन स्वतः येऊन पोचला ऑगस्टमध्ये! तोवर तापाने तळच्या तळ झोपवला होता. हा ताप म्हणजे आपला हिवताप. कॅनडात मलेरिया, हे मला इथे येईपर्यंत खोटं वाटलं असतं. पण सरोवराकाठच्या दलदलींत तो तेव्हा मुक्कामालाच होता. एक दिवस आड हुडहुडी भरायची, दात वाजायचे, मग अंगाची लाही लाही, मग घाम, आणि मधल्या दिवशी माणूस उठून कामाला लागायचा. आमच्या आजीच्या बोलण्यात ‘एकांतरा ताप’ असायचा, तो हाच. बरीच माणसं जमिनीचा तुकडा दिसायच्या आतच गेली, आणि वाचले त्यांनी पहिली झाडं तोडली ती त्या तापातच, मधल्या बऱ्या दिवशी.

किंग्स्टनहून कोबर्ग, तिथून राईस लेकपर्यंत खुष्कीची वाट. त्या वाटेने मोठ्या होड्या चाकांवर चढवून ओढत नेल्या. पुढे ओटोनाबी नदी उन्हाळ्यात इतकी उथळ, की सपाट तळाची साठ फुटी नाव मुद्दाम बांधून घ्यावी लागली. एवढा खटाटोप करून माणसं पोचली ती एका गिरणीपाशी, बाकी चहूकडे रान.

आणि रान म्हणजे कसलं? आयर्लंडमधली जंगलं केव्हाच साफ झालेली. या माणसांना फावडं, कुदळ, बटाट्याचे वाफे यांतलं सगळं येत होतं, पण दोघांच्या कवेत न मावणाऱ्या मेपलवर कुऱ्हाड कुठून आणि कशी घालायची हे त्यांना कोण शिकवणार? म्हणून रॉबिन्सनने आधी वसलेल्या लोकांना पैसे देऊन ओंडक्यांच्या झोपड्या बांधून घेतल्या. वीस फूट बाय बारा फूट. ओंडक्यांच्या फटींत शेवाळ आणि चिखल. छपराची तऱ्हा वाचताना मात्र कोकणात गेल्यासारखं वाटलं. बासवुड नावाच्या झाडाचे ओंडके उभे चिरायचे, आतून पन्हळीसारखे कोरायचे आणि एक उताणा, त्याच्या सांध्यावर एक पालथा असे लावत जायचं. थेट आपली नळीची कौलं, फक्त लाकडाची आणि बारा-बारा फूट लांब.

पोटाची सोयही सरकारीच. मोठ्या माणसाला रोज एक रत्तल पीठ आणि एक रत्तल खारवलेलं डुकराचं मांस, मुलांना त्याहून कमी, असं अठरा महिने. कॉर्कमध्ये ज्यांना सणासुदीलाच मांस दिसायचं त्यांना हे रोज! स्वतःच्या पैशाने येऊन बसलेल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांत हा शिधा खुपत होता, आणि ते मी समजू शकते. पण शिधा नसता तर पहिल्याच हिवाळ्यात निम्मी वस्ती उठली असती. झाडं पाडायची, जाळायची, राखेपासून पोटॅश नावाचा क्षार करून विकायचं (रोख पैसा काय तो तेवढाच), आणि बुंधे कुजायला वर्षानुवर्षं लागत म्हणून त्यांच्या मधूनमधून बटाटा टोचायचा. १८२६च्या शरदापर्यंत दोन हजार माणसांनी मिळून जेमतेम १,३८६ एकर मोकळे केले, पण त्यातून बटाटे काढले सदुसष्ट हजार बुशेलांवर. बटाट्यात त्यांचा हात कोण धरणार!

शंभर एकर एका कुटुंबाला, हे ऐकायला छान. पण कॉर्ककडे घरं एकाला एक लागून, तिन्हीसांजेला शेजारीपाजारी चुलीपाशी जमणार. इथे आखणी पट्टीने केलेली, आपल्या शंभर एकरांपलीकडे दुसऱ्याचे शंभर एकर, मध्ये झाडं. पुरुष निदान ओंडके रचायला एकत्र येत. बाळंतीण बाईचं काय होत असेल, तिकडे माझं मन राहून राहून जातं.

ही जमीन मोकळी पडलेली नव्हती, हे तर कुणी भाषणात सांगतही नाही. इथल्या मूळच्या मिसिसॉगा लोकांकडून १८१८च्या करारात साडेएकोणीस लाख एकर घेतले, वर्षाला ७४० पौंडांच्या मालाच्या बोलीवर. राईस लेकमधला रानतांदूळ त्यांचा, मासेमारी त्यांची. पुढे १९२३च्या करारात उरलेसुरले शिकारीचे हक्कही गेले. सरकारने त्यांची माफी मागितली ती २०१८ साली. कॉर्कमध्ये जमीनदाराने हुसकलेली माणसं इथे आणून बसवली ती दुसऱ्यांना बाजूला सारून. त्या माणसांना मी दोष देत नाही, पण कौतुक करताना ही बाजू झाकायची, हे काही मला जमायचं नाही.

माणशी सुमारे एकवीस पौंड खर्च आला. लंडनला तो डोईजड वाटला आणि योजना तिथेच गुंडाळली. मग १८४७ साली बटाट्याच्या दुष्काळातून पळालेले आयरिश लाखाच्या घरात ब्रिटिश उत्तर अमेरिकेत आले तेव्हा ना गाय होती, ना कुऱ्हाड, ना शिधा. आलेल्या जहाजांना विलगीकरणासाठी थांबवत त्या ग्रोस इलच्या बेटावर पाच हजारांहून अधिक पुरले गेले. जे पीटरबरोपर्यंत पोचले त्यांच्याबरोबर टायफस, म्हणजे उवांमधून पसरणारा जीवघेणा ताप, तोही पोचला. इथले डॉक्टर जॉन हचिसन गाव सोडून जाऊ नयेत म्हणून दहा वर्षांपूर्वी लोकांनी वर्गणी आणि अंगमेहनतीने त्यांना दगडी घर बांधून दिलं होतं. आलेल्यांवर उपचार करता करता त्यांनाही टायफस झाला, आणि त्याच वर्षी ते गेले.