बाकू: आतेशगाहची आग आणि तेलाची जुनी विहीर

अजरबैजानची राजधानी बाकूला गेलेले बरेच जण फ्लेम टॉवर्स आणि जुनं शहर बघून परततात. पण तेल आणि गॅस माणसाच्या हाती कसे आले हे बघायचं असेल, तर एक अख्खा दिवस शहराबाहेर काढा. सुरुवात सुराखानीच्या आतेशगाहपासून, म्हणजे तिथल्या जुन्या अग्निमंदिरापासून. कोरोग्लू स्टेशनपर्यंत मेट्रो, तिथून १८४ नंबरची बस. दोन्हींना एकच बाकीकार्ट, म्हणजे प्रवासाचं कार्ड, चालतं.

पंचकोनी आवार, कडेने ओवऱ्या, मधोमध चार खांबांच्या छत्रीखाली पेटलेली आग. भिंतींवरचे बहुतेक शिलालेख चक्क देवनागरीत आहेत. एका लेखाची सुरुवात 'श्री गणेशाय नमः' अशी, आणि पुढे 'श्री ज्वालाजी निमत दरवाजा बणाया', संवत १८६६. अजरबैजानात उभं राहून हे अक्षर अक्षर लावत वाचताना अंगावर काटा येतो. घाई करू नका, शांतपणे वाचा. हे पारशांचं अग्निमंदिर की हिंदूंचं, हा वाद जुना आहे. मुंबईचे विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली इथे आले होते आणि हे हिंदू देऊळच आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. शिलालेख पाहिल्यावर मलाही तेच पटतं.

पण लोक फक्त पूजेचं बोलतात, याची मला चुटपुट लागते. ही आग रोजच्या वापरातली होती. जोनास हॅनवे या इंग्रज व्यापाऱ्याच्या १७५३ सालच्या प्रवासवर्णनात त्याची नोंद आहे. वेताची पोकळ नळी दोनेक इंच जमिनीत खोचायची, बुडाशी माती घट्ट दाबायची, वरच्या कडेला चिकणमाती लिंपायची आणि तोंडाशी निखारा धरून फुंकर घालायची. नळी जळत नाही, ज्योत मात्र तेवत राहते. घरात उजेड त्याचाच. अशा तीन-चार नळ्यांवर भांड्यातलं पाणी उकळायचं, स्वयंपाक व्हायचा. घरोघरी गॅस येण्याच्या कितीतरी आधी!

१८५०च्या दशकाच्या शेवटी कोकोरेव्ह या रशियन उद्योजकाने मंदिराला लागूनच तेल शुद्ध करण्याचा कारखाना उभारला. पुढे परिसरातला गॅस उपसला गेला आणि १९६९ साली मूळची आग विझली. आज दिसते ती पाइपातून आणलेल्या गॅसवर जळते. गाइड सांगेलच असं नाही, म्हणून हे माहीत असू द्या.

जमिनीतून आपोआप येणारी आग बघायची तर यानार दाग गाठा. टेकडीच्या पायथ्याशी सुमारे दहा मीटर लांब ज्वाळांची रांग आहे. अंधार पडताना जा, आणि कपडे वारा अडवणारे घाला; इथला वारा बोचरा असतो. दोन्हीकडचं एकत्र तिकीट मिळतं का, ते आतेशगाहलाच विचारा.

बीबी-हेबत शहराच्या दक्षिणेला आहे, तेव्हा ते वेगळं करा, टॅक्सी सोयीची. १८४६ साली इथे यंत्राने तेलाची २१ मीटर खोल विहीर खोदली गेली. तेलाची पहिली विहीर म्हणून गाजलेली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली ड्रेकची विहीरही जवळपास तेवढीच खोल, पण ती १८५९ची. इथे रस्त्यालगत स्मारक आहे. आसपास तेलाचे पंप अजून चालू असतात, त्यामुळे कुंपणाच्या आत शिरू नका आणि फोटो काढण्याआधी पहारेकऱ्याला विचारा.