फुकट हाय म्हणून अर्धाच?

गावोगावी जुने चित्रपट फुकट दाखवायचं काम मी करतो. प्रोजेक्टर लावला की झालं, असं लोकांना वाटतं. निम्मा वेळ जातो तो अंधाराची वाट बघण्यात आणि देवळासमोरचा हॅलोजन कुणाच्या घरून बंद होतो ते शोधण्यात.

त्या दिवशी ‘संत तुकाराम’ होता. प्रभातचा, 1936 चा, दामले-फत्तेलाल यांचा. आवाजावर मी तासभर घालवला. गावातले डीजेचे बॉक्स दणका द्यायला बांधलेले. इतक्या जुन्या ध्वनिपट्टीत खालचा खर्ज जवळजवळ नसतोच, बेस वाढवला की नुसती घरघर वाढते. बेस पार काढला, बॉक्स एकमेकांवरून उतरवून बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले. तुकोबा झालेल्या पागनीसांचा शब्द न्‌ शब्द पारापर्यंत पोचला, तेव्हा कुठे चहा घेतला.

खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तोच मंडळाचा एक पोरगा आला. “दादा, दोन्हीकडं काळं का सोडलंय? फुकट हाय म्हणून अर्धाच दाखवताय व्हय?”

पडदा 16 फूट रुंद, 9 फूट उंच. चित्रपट साधारण चारास तीन या मापाचा; रुंद पडद्याची टूम 1950 नंतरची. 9 फूट उंचीत चित्र 12 फुटांचंच बसतं, दोन्ही कडांना 2-2 फूट काळं राहणारच. ओढून 16 केलं, तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं फुगतो. हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सरळ माइकवर विचारलं, “फुल स्क्रीन पाहिजे का?” झाडून सगळे हात वर. टीव्ही बसवायला येणारा माणूसच चित्र ओढून ‘फुल’ करून जातो, मग डोळ्यांना तीच सवय.

मी बटण दाबलं. शहरातल्या फिल्म क्लबात याच गोष्टीवरून मी भांडून उठून आलोय, इथं मात्र दाबलं.

तुकोबा आडवे पसरले. जिजाईची म्हैस तेवढी शोभून दिसत होती.

अर्ध्या तासानं एक आजी काठी टेकत प्रोजेक्टरपाशी आल्या. “लेकरा, तंबूत बघितला हुता तवा असा नव्हता रं. सुजल्यागत दिसतोय तुकोबा. कर की कायतरी.”

रिमोट हातातच होता. त्या पोराकडे बघितलं, समोरच्या गर्दीकडे बघितलं आणि म्हणालो, “आजी, बसा, पुढं बरं दिसेल.”

पुढं कसलं बरं दिसतंय. वैकुंठाहून गरुडाचं विमान उतरलं तेही पंख ताणून लांबट झालेलं. पुढच्या चार रांगा उठून उभ्या राहिल्या, हात जोडले. आजींनी पदर डोक्यावर घेतला, काठी खाली ठेवली आणि हात जोडले. विमान दिसेनासं झाल्यावर त्या काठी शोधायला वाकल्या, तेव्हा माझ्याकडे बघितलं की नाही, ते अंधारात कळलं नाही.