आमची वाटचाल : हजेरीची वही सोडून सगळं

आमचा कराटेचा क्लास 1999 च्या जूनमध्ये सुरू झाला. पुण्यात, कर्वेनगरात, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. मी आणि माझा भागीदार. दोघंही एकाच सरांकडे शोतोकान, म्हणजे कराटेची एक शैली, शिकलेले. तो कुमिते, म्हणजे लढत, घ्यायचा; मी किहोन, म्हणजे पायाभूत हालचाली, आणि काता, म्हणजे हालचालींची ठरलेली मालिका. पहिली दहा वर्षं बरी गेली, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

अडचण एकच, मुहूर्त. हॉल लग्नाला दिला की आम्ही गच्चीवर. तुळशीचं लग्न लागलं की आमचं बिऱ्हाड वर, चातुर्मास लागला की खाली. पावसाळा नेमका चातुर्मासातच येतो हे आमचं नशीब. परीक्षांच्या तारखा पंचांग उघडून ठरायच्या. एकदा खाली ‘सावधान’ आणि वर चाळीस मुलांचा किआइ, म्हणजे बुक्क्याबरोबरची आरोळी, यांची एकच गाठ पडली. वधूपिता तरातरा जिना चढून आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि धाकट्या मुलीचं नाव घालून गेले.

माकिवारा, म्हणजे बुक्क्यांच्या सरावाची उभी फळी, विकत कुठे मिळत नव्हता, करून घ्यावा लागला. टिंबर मार्केटमधून आधी सागवान आणलं, कारण आपल्याकडे चांगलं लाकूड म्हणजे सागवान. महिन्याभरात फळीला उभी चीर गेली. मग सुतारानेच सांगितलं, बाभूळ घ्या, बैलगाडीची चाकं बाभळीची करतात, धक्का खाते. बुडाला साडेतीन इंच आणि शेंड्याला जेमतेम अर्धा, अशी निमुळती रंधून घेतली आणि बुडाकडचा दीड फूट लोखंडी चौकटीत बोल्टने आवळला. शेंडा लवला पाहिजे, तुमचा बुक्का तुम्हाला परत मिळाला पाहिजे. जी फळी लवत नाही ती भिंत, आणि भिंतीवर बुक्के मारून मनगट घालवलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. वर गुंडाळायला रविवार पेठेतून सुंभ आणला. त्याने बोटांची सालटी निघाली, पण दुसरं काही सुचत नव्हतं. दर खंडेनवमीला या फळीची पूजा व्हायची. झेंडूची फुलं भागीदार आणायचा. हे मुद्दाम सांगते.

न विचारता एक सांगते. सोळा वर्षांखालच्या मुलाला माकिवाऱ्यावर मारू देऊ नका, त्याची हाडं अजून वाढत असतात. आईबाप उत्साहाने व्हिडिओ काढत असतील तर त्यांनाही थांबवा.

2009 चा जून. शाळा सुरू व्हायचा आठवडा, म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी. सोमवारी मी हॉल उघडला तर कपाटात हजेरीची वही नाही. 58 नावं, पालकांचे फोन, कुणाला दमा, कुणाचा हात मोडलेला, सगळं त्या वहीत. दुपारी रस्त्यापलीकडे फलक लागला : ‘दीड वर्षात ब्लॅक बेल्ट’. खाली भागीदाराचं नाव. एसी हॉल, रबरी मॅट, भिंतभर आरसे. शनिवारी संध्याकाळी माझ्याबरोबर हॉल झाडून गेलेला माणूस. फोन लावला तर म्हणाला, ‘ताई, मार्केट बदललंय.’

त्या सोमवारी क्लासला नऊ जण आले.

मी पालकांना घरी जाऊन भेटले, ही चूकच. त्यांना सांगत बसले की शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी पहिले ब्लॅक बेल्ट दिले ते 1924 मध्ये, फक्त सात जणांना. त्याआधी कराटेच्या माहेरी, ओकिनावात, पट्टे नव्हतेच, ही पद्धत जूदोचे जनक कानो यांच्याकडून आली. खुद्द फुनाकोशी तेक्की नावाच्या तीन कातांवर दहा वर्षं घासत होते. एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, ‘ते ठीक आहे हो, पण दहावीच्या आत होईल का?’

त्यांचंही बरोबर असेल. मला अजून पटलेलं नाही.

नऊ जणांत एक होते काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टर्नर होते. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून आमचा गच्चीवरचा क्लास दोन लग्नसराया बघत होते. 2007 मध्ये, साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वर आले आणि म्हणाले, ‘ताई, तुमची डावीकडची मुलं वळताना चुकतात.’ चुकत होती. मी म्हटलं, या, तुम्ही वळून दाखवा. तेव्हापासून आहेत.

आमच्याकडे रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. त्यामुळे काकांच्या उजव्या हाताला चौथीतली एक मुलगी उभी राहायची. ओइ झुकी, म्हणजे पाऊल पुढे टाकून बुक्का, मारताना काकांची मागची टाच उचलली जायची. ती मुलगी पुढेच बघत, मान न वळवता, प्रत्येक आकड्याला म्हणायची, ‘काका, टाच!’ काका म्हणायचे, ‘ओस,’ म्हणजे आमच्यातलं ‘हो जी’.

तर त्या जूनमध्ये काकांनी मला एक पाकीट दिलं. वर्षाची फी, आगाऊ. हॉलचं दोन महिन्यांचं भाडं त्यातून सुटलं. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, ‘पावती द्या. उपकार म्हणून देत नाहीये.’ पावतीपुस्तकही त्याच कपाटातून गेलेलं. वहीच्या कागदावर लिहून दिली, ते म्हणाले शिक्का नाही. दुसऱ्या दिवशी शिक्का मारून दिली.

ऑक्टोबरात पाचव्या क्यूची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या एका पायरीची, परीक्षा होती. काकांची हेआन योदान ही काता चांगली झाली. किहोनमध्ये टाच उचलली. एकदा नाही, पाचही वेळा. रस्त्यापलीकडे त्याच रविवारी पट्टे वाटले जात होते, टाळ्या आमच्या खिडकीतून ऐकू येत होत्या. माझ्याकडे नऊचे चौदा झाले होते आणि भाडं या माणसाच्या पैशातून गेलं होतं. पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग नापास लिहिलं. काकांनी गुणपत्रिका चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, ‘टाच ना? बरोबर आहे.’ संध्याकाळी काकूंचा फोन आला. ‘अहो ताई, वर्षाची फी घेतलीत आणि माणसाला नापास करता?’ त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. जानेवारीत काका पास झाले.

सुंभाने सालटी निघतात हे रडगाणं मी त्याच सुमारास त्यांच्यापुढे गायले. सहज म्हटलं, जपानात ही दोरी भाताच्या पेंढ्याची असते. काकांचं गाव मुळशीत. पुढच्या रविवारी पिशवीभर पेंढा घेऊन आले, त्यावर पाणी शिंपडलं, गच्चीवर मांडी ठोकून बसले, टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि दोन तळव्यांत वळत गेले. तासाभरात पाच हात दोरी. मुलं कुमिते सोडून भोवती बसली. ती दोरी मऊही नाही, सालटी काढणारीही नाही, बुक्का बसला की नुसती दबते. तेव्हापासून सुंभ बंद.

2016 मध्ये काका ब्लॅक बेल्ट झाले, 69 व्या वर्षी. नऊ वर्षं लागली. ‘काका, टाच!’ म्हणणारी मुलगी तोवर स्वतः ब्लॅक बेल्ट होऊन काकांच्या परीक्षेत आकडे मोजत होती.

मधली वर्षं ठीक. लॉकडाउनबद्दल सगळेच लिहितात. मोबाइलवर क्लास घेतला, एका घरचा टीव्ही फुटला, बस. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटे आलं तेव्हा पलीकडच्यांनी ‘आता ऑलिम्पिक खेळ’ असा फलक लावला. पॅरिसला 2024 मध्ये कराटे नव्हतं. फलक अजून आहे.

नव्या पालकांसाठी : गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, सुतीच घ्या, एक माप मोठा, पहिल्या धुण्यात आटतो. नायलॉनमिश्रित स्वस्त मिळतो, पण घाम टिपत नाही आणि ओढला की बाहीचा आवाज येत नाही. तो आवाज आला नाही तर मुलाला बुक्का नीट बसला की नाही हे कळत नाही. नीळ घालू नका. पांढरा म्हणजे निळसर नव्हे.

आज सकाळच्या रांगेत सर्वांत लहान सहा वर्षांचा, सर्वांत मोठे काका, 78. आता उडी मारत नाहीत, बाकी सगळं करतात. भागीदार दोन वर्षांपूर्वी बालेवाडीला एका स्पर्धेत समोर आला. ‘काय ताई, चाललंय ना?’ मी म्हटलं, चाललंय, वही दे. म्हणाला, ‘कुठली वही?’

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही पुन्हा वर जाणार. दोरी बदलायला झालीय, काकांनी गावी पेंढा सांगून ठेवलाय. वही सापडली तर गच्चीवरच आणून द्यावी. जिना उजव्या हाताला आहे, त्याला ठाऊक आहे.