सु. ना. ४०

आबांच्या हिशेबाच्या वहीत 'सु. ना. ४०' दिसलं. सुके नारळ! कळायला दोन दिवस गेले.

देवगडात पावसाने वीज गेली की बॅटरी संपेपर्यंत मी लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याचा कोड वाचतो. तिथेही तेच. 'एसकेबी' म्हणजे सॉकेट बफर, नेटवर्कचं पॅकेट सांभाळणारी रचना. मेमरी मागून घेणाऱ्या 'केमॅलॉक'मधला 'के' कर्नलचा. नावं एवढी आखूड का? जुन्या लिंकरांपायी (प्रोग्रामचे तुकडे जोडणारी साधनं) १९८९च्या सी भाषेच्या प्रमाणातही एका तुकड्याबाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली ६ अक्षरंच ओळखली जाण्याची हमी होती. म्हणून 'स्ट्रिंग कॉपी'साठी 'एसटीआरसीपीवाय'सारखी नावं. युनिक्स प्रणालीतल्या, फाइल बनवणाऱ्या 'क्रिएट'चा (creat) शेवटचा 'ई' मात्र उगाच गेला (सहावं अक्षर बसलं असतं की!), खुद्द युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्प्सनलाही त्याची चुटपुट होती.

वहीत 'मा. बा.' अजून अडलंय. आबा नुसते हसतात.